नवऱ्याच्या डोक्यावरचं औषध

लग्नाला एकोणीस वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदा नवऱ्याची किळस आली. त्याआधी राग यायचा, कंटाळा यायचा, कधी कधी कीवही यायची. पण किळस कधी आली नव्हती. डेंग्यूच्या तापात मी त्याचे ओकारीने भरलेले कपडे धुतले होते, त्याचं बेडपॅन उचललं होतं, तेव्हाही नाही. म्हणून ही आली तेव्हा आधी मला वाटलं, पित्त झालं असेल.

आम्ही प्रताप नगरात तळमजल्यावर राहतो. समोर दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरातून रोज सकाळी बावीस डबे बाहेर पडतात. नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेली, खोली करून एकटी राहणारी माणसं माझ्याकडून डबा घेतात. वरण, भात, एक भाजी, चार पोळ्या. नवरा हिंगण्याला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. सकाळी कंपनीची बस धरतो आणि संध्याकाळी परत येतो. साधा माणूस. त्याला एकच शौक, गाण्याचा. आमच्याकडे कराओकेचे ग्रुप फार आहेत. हॉल भाड्याने घ्यायचा, समोरच्या पडद्यावर ओळी सरकतात, आणि पन्नाशीला टेकलेली माणसं कोट घालून जुनी गाणी म्हणतात. तो चांगलं म्हणतो, खोटं कशाला बोलू.

एकदा अशाच कार्यक्रमाचा व्हिडिओ कोणीतरी ग्रुपवर टाकला. बाल्कनीतून घेतलेला होता. जेवताना तो ताटाशेजारी फोन ठेवून पाहत बसला. संपला की पुन्हा सुरू करायचा.

"पाह्य वं," तो म्हणाला. "मी तर दिसूनच नाही राहिलो. टक्कलच गाऊन राहिलं."

मी हसले. तो नाही हसला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

केस लावून घ्यायचं त्याने मला न विचारता ठरवलं आणि तारीख घेऊन आल्यावर सांगितलं. मी नको म्हटलं नाही. नको म्हणण्यासारखं त्यात काय आहे, हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं, दाताला कॅप बसवतात तसंच काहीतरी असेल. एका मिठाईच्या दुकानाच्या वरती ते क्लिनिक होतं. सकाळी आठला त्याला आत नेलं आणि मी बाहेरच्या सोफ्यावर बसले. खालून तुपाचा वास येत होता, आतून मशीनची बारीक गुणगुण. मागचे केस मुळासकट एकेक उचलायचे आणि पुढे एकेक खोचायचे, असं तिथल्या बाईने मला सांगितलं. "धानाचं रोवणं असते ना, तसंच." संध्याकाळी तो बाहेर आला. डोक्याच्या मागे लाल ठिपक्यांचा पट्टा होता आणि पुढे रक्ताच्या बारीक बारीक टिकल्या. तो आनंदात होता. मी त्याच्याकडे न बघता त्याच्या चपला सरळ करून दिल्या.

तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. पापण्या फुगून चेहरा ओळखू येईना. उशीवर पिवळसर पाणी सुकून कडक व्हायचं. रोज सकाळी मी कणीक भिजवायच्या आधी उशीचा अभ्रा भिजवायची. हेही मी केलं, कुरकुर न करता.

मग दहावा दिवस आला. क्लिनिकच्या कागदावर लिहिलं होतं की खपल्या शाम्पूने भिजवून बोटांच्या टोकांनी हळूहळू, गोल गोल चोळून काढाव्यात. कोणी काढाव्यात, ते लिहिलेलं नव्हतं. नवरा न्हाणीघरात पाटावर बसला आणि त्याने मान खाली घातली.

"हळू वं. एक जरी केस उपटला तर सगळं फुकट जाईन."

कोमट पाण्याने खपल्या मऊ झाल्या. बोटांखाली भिजलेल्या मुरमुऱ्यांसारख्या लागायच्या. चोळलं की सुटायच्या आणि प्रत्येक खपलीला एक आखूड केस चिकटलेला असायचा. माझ्या नखांत त्या अडकल्या. पाण्यावर तपकिरी साय तरंगली, आणि त्यातून जो वास आला तो मी अजून विसरले नाही. जखमेचा आणि शाम्पूचा एकत्र, गोडसर वास. मी तोंड फिरवलं, श्वास धरला, पुन्हा चोळलं. अर्धा तास लागला. शेवटी तो आरशासमोर उभा राहून म्हणाला, "वा!" मी मागच्या दारी जाऊन ओकले. त्या दिवशी माझ्या डब्यांना उशीर झाला, आणि मी ग्राहकांना गॅस संपला होता म्हणून सांगितलं.

तिथून तीन आठवडेही झाले नसतील, आणि लावलेले केस गळायला लागले. उशीवर, शर्टाच्या कॉलरवर, चादरीवर, बेसिनमध्ये, सगळीकडे नखाएवढे काळे काळे केस. असं होतंच, म्हणून क्लिनिकवाल्यांनी आधी सांगितलं होतं. त्याच कागदावर खाली ते छापलेलंही होतं. पण नवऱ्याचं डोकं आता विचार करायच्या कामाचं राहिलं नव्हतं. तो सकाळी उठून उशीवरचे केस चिमटीने उचलून एका पांढऱ्या कागदावर रांगेत ठेवायचा. मी चहा द्यायला गेले की ती रांग दिसायची. मला सकाळचा चहा जाईना.

रविवारी आम्ही विहारात वंदनेला जायचो. बाहेर पडताना तो आता टोपी घालायचा, आणि तिथे डोक्यावर टोपी ठेवून बसता येत नाही. म्हणून त्याने विहारात जाणंच बंद केलं. मी एकटी जायचे. समोर भन्तेजी बसलेले असायचे, स्वच्छ मुंडण केलेलं डोकं, आणि वंदना म्हणता म्हणता माझं लक्ष त्या डोक्यावर जायचं. किती निर्मळ वाटायचं ते. आणि तसं वाटल्याची मला लाज वाटायची.

तो घाबरून पुन्हा क्लिनिकमध्ये गेला तेव्हा मी सोबत होते. काळा कोट घातलेल्या एका तरुण बाईने त्याच्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक बाटली, तिच्यात ड्रॉपर. आणि एक टोपी, आतून लाल दिव्यांची.

"सर, हे टॉपिकल आहे. म्हणजे लावायचं औषध. आणि ही लेझर कॅप. दोन्ही घेतलं तर रिझल्ट बेस्ट येईल."

"दोन्हीतलं चांगलं कोणतं?" त्याने विचारलं.

"दोन्ही चांगले आहेत सर."

"पण जास्त चांगलं?"

ती हसली आणि तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मला तिची चीड आली. मिठाईच्या दुकानातला माणूससुद्धा एवढं तरी सांगतो, की आज पेढा घ्या, बर्फी कालची आहे.

नवऱ्याने आधी बाटली घेतली. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा लावायचं, नव्या केसांच्या जागी आणि माथ्यावर मागे, जिथे जुने केस विरळ झाले होते तिथेही. मागचं त्याला दिसत नव्हतं.

"तू लाव," तो म्हणाला.

आणि मी लावायला लागले. एकदा खपल्या धुतल्यावर औषधाला नाही कसं म्हणणार? ड्रॉपरने थेंब टाकायचे आणि बोटांनी पसरायचे. स्पिरिटसारखा वास, आणि सुकल्यावर तेलकट चिकटपणा. उन्हाळा होता. कूलरसमोर बसूनही त्याला घाम यायचा आणि औषध ओघळून कानापर्यंत यायचं. टाळूवर पांढरा कोंडा धरायचा. लावून झालं की मी साबणाने हात धुवायची, मग बेसनाने, मग लिंबाच्या सालीने. तरी कणकेत हात घातला की वाटायचं, तो वास कणकेत उतरतो आहे. बावीस डब्यांच्या पोळ्या मी लाटायची आणि स्वतः मात्र भातच खायची. माझ्याच हातची पोळी माझ्या घशाखाली उतरेना. हे मी कोणाला सांगितलं नाही. दोन महिने असे गेले.

दोन गल्ल्या सोडून एक नर्स राहायची. ती माझ्याकडे दोन वर्षं डबा घ्यायची. एका दुपारी ती स्वतः डबा परत करायला आली. आत आली, बसली नाही. पर्समधून तिने कागदाची एक घडी काढली आणि माझ्या ओट्यावर उघडली.

"ताई, राग नका मानू. आजच्या वरणात होता."

आखूड, काळा, नखाएवढा केस. टोकाला पिवळा कण. मी लगेच ओळखला. एवढे दिवस मी तसले केस चादरीवरून झटकत होते.

"हा बाईचा केस नाही ताई," ती हळूच म्हणाली.

मग मी तिला सगळं सांगितलं. ऑपरेशन, खपल्या, गळलेले केस, औषध. सांगता सांगता मला रडू फुटलं. ती ऐकत होती, पण ऐकताना तिचे डोळे माझ्या तोंडावर फिरत होते. मला वाटलं, रडण्याकडे बघते आहे.

"ताई, औषध लावताना हातमोजे घालता का?"

"नाही."

"मग चेहऱ्याला हात लागतो?"

"लागत असंन. घाम पुसायले."

तिने मला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि कानशिलाजवळ बोट लावलं. "हे आधी होतं का इथं?"

मी आरसा आणला. कानशिलापासून गालापर्यंत काळी लव उतरली होती. कपाळाच्या कडेलाही होती. मला ती दिसत नव्हती असं नाही. वयाने येत असेल असं मी समजत होते, थोरल्या मावशीला हनुवटीवर होती तशी. पण ही लव होती दाट, अंगठा फिरवला की कळेल इतकी. जिथे जिथे मी मनगटाने घाम पुसला असेन, तिथे तिथे.

"डॉक्टरांना दाखवा. आणि आजपासून ते औषध तुम्ही लावू नका," नर्स म्हणाली. दारात थांबून तिने डबा बंद करायला सांगितलं. तिचा मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर ते वरण डबा देणारीच्या तोंडावर मारलं असतं.

संध्याकाळी नवरा बसमधून उतरून आला, हातपाय धुतले, आणि नेहमीसारखा स्टुलावर मान खाली घालून बसला.

"मी नाही लावणार," मी म्हटलं.

"काहून?"

मी गाल पुढे केला. त्याने पाहिलं. पाहून म्हणाला, "थोडीशी लव तर आहे. त्यात काय?"

"तुमाले डोक्यावर पाहिजे तिथं येऊन नाही राहिले, अन् मले गालावर येऊन राहिले! अन् लोकाइच्या वरणात पडून राहिले!" माझा आवाज शेजारी गेला असणार. "आपल्या हातानं लावा, नाहीतर नका लावू. मी बावीस घरचं अन्न करतो, मी आता या डोक्याले हात लावणार नाही."

रागात मी करते म्हणायचं विसरून करतो म्हटलं, माझ्या माहेरच्या गावच्या बायका म्हणतात तसं. पुढच्या आठवड्यात लाल दिव्यांची टोपी घरी आली.

टोपी घालून तो दिवसाआड वीस मिनिटं बसायचा. तिच्यात मला धुवावं लागण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मला आधी सुटका वाटली. पण बघवत नव्हतं तेही. डोक्याच्या कडेने लाल उजेड झिरपायचा आणि त्या उजेडात त्याचे कान आतून पेटल्यासारखे दिसायचे. डोळे मिटून तो गाणं गुणगुणत बसायचा. मी पोळ्या लाटता लाटता दारातून बघायची आणि मनात म्हणायची, हा कोण माणूस आहे?

मग माझा पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद लवकर लवकर संपायला लागला. एका रविवारी मी समोरच्या खोलीत गेले तर त्याने टोपी उलटी करून मांडीवर घेतली होती आणि तिच्या आत अर्ध्या भागात तो कागद चिकटवत होता.

"हे काय?"

"उजव्या बाजूले लाइट, डाव्या बाजूले औषध," तो म्हणाला. चेहरा इतका गंभीर, जसा कारखान्यात मशीन तपासत असेल. "क्लिनिकातली ती बाई काही सांगत नाही ना. मग आपणच पाहू कोण जिंकते."

औषध तो आता स्वतः लावायचा, पण हात न धुता. त्याच हाताने फ्रिज उघडायचा, नळ सोडायचा, मिठाच्या बरणीचं झाकण काढायचा. मी त्याच्या मागे फडकं घेऊन फिरायची. दर रविवारी तो दोन्ही बाजूंचे फोटो काढून फोनमध्ये त्यावर लिहून ठेवायचा आणि जेवायला बसलो की माझ्यासमोर धरायचा. भाताच्या ताटावर टाळूचा मोठा केलेला फोटो, त्यातली छिद्रं आणि कोंडा. एकदा मी ताट उचलून बाहेर पायरीवर जाऊन जेवले.

गालाची लव वाढत होती, म्हणून मी सरकारी दवाखान्याच्या चर्मरोगाच्या ओपीडीत गेले. तोही आला, त्याचे प्रश्न घेऊन. रांगेत दोन तास उभं राहिल्यावर आत एक वयस्क डॉक्टरीण होत्या. त्यांनी माझा गाल बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "घरात टाळूला औषध कोण लावतं?"

मी नवऱ्याकडे बोट केलं. त्यांनी त्याला डोक्यावरची टोपी काढायला सांगितली, त्याचं डोकं मागून पुढून पाहिलं.

"आणि लावून कोण देतं?"

"आधी मी लावून द्यायची," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही त्या औषधाला हात लावू नका. तुमच्या गालावरचं आपोआप जाईल, काही महिने लागतील. यांची उशी वेगळी, टॉवेल वेगळा. लावल्यावर हात धुणं यांचं काम." मग त्यांनी पुढच्या पेशंटचा कागद ओढला.

नवरा उठला नाही. "मॅडम, लेझर चांगलं की औषध?" असं म्हणून त्याने आपला प्रयोग सांगितला आणि फोटो दाखवले. डॉक्टरीणबाईंनी फोन हातात घेतला. शेवटचे दोन फोटो उघडले, खाली लिहिलेल्या अक्षरांवर अंगठा ठेवला आणि फोन त्याच्यासमोर धरला.

"सांगा, यातला लेझरचा कोणता?"

त्याने बराच वेळ निरखून एकावर बोट ठेवलं. त्यांनी अंगठा उचलला. तो फोटो औषधाच्या बाजूचा होता.

"तुम्ही लावलेले केस पहिल्या महिन्यात गळणारच होते," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुळं आत असतात. तीन-चार महिन्यांनी ते आपणच यायला लागतात. तेच आत्ता येताहेत, दोन्ही बाजूंनी. त्याचं श्रेय तुम्ही टोपीला द्या, बाटलीला द्या, केसांना फरक पडत नाही. औषधाचं काम आहे तुमचे जुने केस राखायचं. त्याचा अनुभव आम्हाला जास्त आहे. पण सोडलं की राखलेले जातात, म्हणजे कायम लावायचं. लेझरचा काही लोकांना थोडा उपयोग होतो, त्रास फारसा नाही. औषधाएवढा भरवसा मी त्याचा देणार नाही. दोन्ही केलंत तरी चालेल. आता उठा, बाहेर रांग आहे."

गाडीवरून परत येताना वाटेत एका टपरीवर थांबलो. चहा हातात घेऊन तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुले माझी किळस येते का वं?"

नाही म्हणता आलं असतं. एकोणीस वर्षांत असं खोटं 'नाही' मी किती वेळा म्हटलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"खपल्या काढल्या तेव्हापासून."

त्याचा चहा निवला. त्याच्यावर साय धरली. त्याने तो तसाच ठेवला आणि गाडी सुरू केली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

त्यानंतर त्याने न्हाणीघरातला एक कोपरा आपला करून घेतला. इतवारीच्या बाजारात जाऊन हातात धरता येईल असा छोटा आरसा आणला, म्हणजे दोन आरशांत माथा दिसतो. हातमोज्यांचा डबा, वेगळा टॉवेल, वेगळी उशी. औषध लावतो आणि कोपरापर्यंत हात धुतो. लाल दिव्यांची टोपी एका मित्राला दिली, तो ती घालतो की नाही माहीत नाही. हिवाळा लागेपर्यंत माझ्या गालावरची लव गेली. त्याचे केस आले. पुढे आलेले केस जरा राठ आहेत, मानेवरचे असतात तसे, पण चांगले दिसतात. लोक म्हणतात दहा वर्षांनी लहान दिसतो, आणि ते खरं आहे.

माझी किळस मात्र केसांबरोबर गेली नाही. जवळ येऊन तो डोकं माझ्या खांद्यावर टेकवतो तेव्हा बोटांच्या टोकांना ते मुरमुरे आठवतात. मी हात मागे घेते. त्याच्या ते लक्षात येतं. आता तो विचारत नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या कारखान्यातला एकजण घरी आला, हेच सगळं विचारायला. सोबत बायको होती, तिशीची, बोलकी. पुरुष समोरच्या खोलीत बसले. नवरा लेझर आणि औषध दोन्ही नीट समजावून सांगत होता, आता खरं तेच सांगत होता. ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, ते सगळं आपल्यालेच करून द्यावं लागते का?"

मी तिला सांगितलं. पाट, कोमट पाणी, नखांतल्या खपल्या, वरणातला केस, माझा गाल. काही लपवलं नाही. तिने पदर तोंडावर धरला. डोळ्यांत हसू होतं आणि शिसारीही.

"ई! मी तर नाही करणार बापा," ती म्हणाली. तशीच बाहेर गेली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याला म्हणाली, "करायचं असंन तर करा, पण धुवायले अन् लावायले माणूस पाहून ठेवा. मी नाही."

मी आत उभीच राहिले. मला तिचा हेवा वाटला. त्या दहाव्या दिवशी, कागदावर कोणी धुवायचं ते लिहिलेलं नव्हतं तेव्हा, हे एवढं वाक्य मला सुचलंच नव्हतं.

ते जोडपं अजून क्लिनिकमध्ये गेलेलं नाही, असं नवरा सांगतो, आणि दोष मला देतो.